समाजशास्त्राची पदवी हातात आहे, आता कामाकडे कसं वळायचं?

"मग आता पुढे काय? शिकवणार का?" समाजशास्त्रात पदवी घेतलेल्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागतो. मी गेली अनेक वर्षं सर्वेक्षण आणि मूल्यमापनाच्या कामात आहे, नव्या मुलामुलींचे अर्ज वाचते, मुलाखती घेते. त्या अनुभवावरून सांगते, या पदवीला काम आहे, पण ते 'समाजशास्त्र' या नावाने क्वचितच येतं. नोकरीच्या संकेतस्थळावर 'समाजशास्त्रज्ञ' असं टाकून शोधलंत तर हाती फार थोडं लागेल. तेच काम संशोधन सहायक, फील्ड समन्वयक, यूएक्स रिसर्चर (वापरकर्त्यांचा अनुभव अभ्यासणारे), कार्यक्रम अधिकारी, पुनर्वसन तज्ज्ञ अशा पाच-पंचवीस नावांनी विखुरलेलं असतं. म्हणून पदनाम बाजूला ठेवा आणि कामाच्या मागे लागा. पुढचे टप्पे मी त्याच क्रमाने लिहिले आहेत. शेवटच्या वर्षात असाल तर वेळ अगदी योग्य आहे. पदवी मिळून दोन वर्षं झाली असतील तरी काही बिघडलेलं नाही.

पहिला टप्पा: काय येतं ते कामाच्या भाषेत लिहा

एक कागद घ्या. डावीकडे अभ्यासलेले विषय लिहा आणि उजवीकडे, त्यातून मला काय करता येतं, ते लिहा. उजवीकडच्या प्रत्येक ओळीत क्रियापद हवं, एवढी एकच अट. 'संशोधन पद्धती' या विषयासमोर 'चांगली माहिती आहे' असं नको. 'प्रश्नावली तयार करते, दहा जणांवर तपासून बघते, अडखळलेले प्रश्न बदलते' असं हवं. 'सामाजिक स्तरीकरण' समोर लिहा, 'एखाद्या यादीतून कोणता गट गळला आहे ते शोधता येतं.'

ही दुसरी ओळ अनेकांना किरकोळ वाटते, पण या पदवीची खरी किंमत तिच्यातच आहे. १९३६ सालची अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट यासाठी लक्षात ठेवा. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, आणि मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार कोणाकडे असायची हे उघड आहे. शिवाय ज्यांनी उत्तरं पाठवलीच नाहीत, त्यांचा कल वेगळा होता. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्यापेक्षा कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला. आज मोबाइल ॲपवरून गोळा झालेले लाखो प्रतिसाद पाहून भारावणाऱ्या मीटिंगमध्ये 'यात ॲप न वापरणारे कुठे आहेत?' असं विचारणारं माणूस लागतं. तो प्रश्न तुम्हाला सहज सुचत असेल, तर ते कौशल्य म्हणून कागदावर उतरवा.

प्रश्न विचारण्याचंही तसंच आहे. एका सर्वेक्षणात मी एका बाईंसमोर बसले होते. छापील प्रश्न होता, "तुम्ही काम करता का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, मी घरीच असते." त्यांच्या शेजारी शिवलेल्या बाह्यांचा गठ्ठा होता. दर पन्नास बाह्यांना सुतळीची गाठ, वर खडूने आकडा. मी पुढचा प्रश्न विचारला, "गेल्या सात दिवसांत पैशासाठी तासभर तरी काही केलंत?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते होय, ते तर रोजचंच." पहिल्या प्रश्नाने त्या बेकार ठरत होत्या, दुसऱ्याने कामगार. आठवड्यातला एक तास हा निकष आंतरराष्ट्रीय श्रमसांख्यिकीत वापरला जातो. २०१३ साली श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या १९ व्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काम आणि रोजगार यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या, तेव्हा घरच्यांसाठी केलेलं बिनपगारी कामही 'काम' म्हणून मोजण्याची वाट मोकळी झाली. वर्गात 'श्रमविभागणी' म्हणून जे शिकलात, ते इथे एका प्रश्नाच्या शब्दरचनेत उतरतं.

दुसरा टप्पा: दिशा निवडा, पण दोनच

सगळीकडे अर्ज पाठवणाऱ्याचा अर्ज कुठेच बसत नाही. खालच्या वाटांपैकी एक मुख्य आणि एक पर्यायी अशा दोन निवडा.

सर्वेक्षण, संशोधन आणि मूल्यमापन ही सर्वांत रुंद वाट. स्वयंसेवी संस्था, संशोधन संस्था, सरकारी विभाग, आंतरराष्ट्रीय संघटना यांना योजना राबवल्यावर तिचा उपयोग झाला की नाही हे तपासावं लागतं. या कामाला 'एम अँड ई' म्हणतात, म्हणजे देखरेख आणि मूल्यमापन. सुरुवात बहुतेक वेळा फील्डवर होते. टॅब घेऊन दारोदार जाणं, संध्याकाळी फॉर्म तपासणं, एखाद्या एनुमरेटरच्या, म्हणजे घरोघरी प्रश्न विचारणाऱ्याच्या, सगळ्या मुलाखती संशयास्पद वेगाने पूर्ण झाल्या असतील तर त्या घरांना परत भेट देणं, असं काम असतं. हे दोन वर्षं मनापासून केलेल्या माणसाला पुढे अहवाल लिहिताना आकड्यामागचं घर दिसतं. मी तरी या अनुभवाला दुसऱ्या पदवीइतका मान देते.

दुसरी वाट आहे मोठ्या प्रकल्पांच्या सामाजिक परिणामांची. धरण, रस्ता, खाण, वीजवाहिनी यांमुळे कोणाची जमीन जाते, कोणाचा रोजगार बुडतो, भरपाई कोणाच्या नावावर निघते आणि कोणाच्या हातात पडते, हे आधी अभ्यासावं लागतं. जागतिक बँकेने १९७४ साली मायकेल सर्निया यांना नेमलं. ते बँकेचे पहिले समाजशास्त्रज्ञ. सक्तीच्या विस्थापनाबद्दलचं बँकेचं पहिलं धोरण १९८० साली आलं, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. आज बँकेच्या पर्यावरणीय आणि सामाजिक चौकटीत दहा मानकं आहेत, त्यातलं पाचवं भूसंपादन आणि सक्तीच्या पुनर्वसनाबद्दल आहे. ही चौकट २०१८ पासून लागू झाली. या क्षेत्रात यायचं असेल तर ही मानकं आणि जागतिक बँक गटातल्याच आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाची (आयएफसी) २०१२ ची आठ कार्यमानकं मुळातून वाचा. दोन्ही मोफत उपलब्ध आहेत आणि मुलाखतीत त्यांच्यावर प्रश्न हमखास येतो. एक सावधगिरीही सांगते. इथे तुमचा पगार कधी कधी प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीकडून येतो आणि अहवाल मवाळ करण्याचा दबाव येऊ शकतो. नोकरी स्वीकारण्याआधी अहवालावर अंतिम सही कोणाची असते, तो जाहीर होतो का, एवढं जरूर विचारा.

तिसरी वाट बाजार संशोधन आणि यूएक्स रिसर्चची. कंपन्या ज्याला 'फोकस ग्रुप' म्हणतात, म्हणजे काही जणांना एकत्र बसवून घेतलेली चर्चा, त्याची मुळं १९४० च्या दशकात, पॉल लाझार्सफेल्ड आणि रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी रेडिओच्या श्रोत्यांवर केलेल्या कामात आहेत. आपल्याच विषयाचं अवजार आपल्याला परकं वाटावं, हे बरं नव्हे. यूएक्स रिसर्चमध्ये एखादं ॲप किंवा सेवा माणसं प्रत्यक्षात कशी वापरतात, कुठे अडतात, काय टाळतात ते पाहायचं असतं. आजोबा ओटीपी आला की फोन नातवाच्या हातात देतात, तर त्या खात्याचा 'वापरकर्ता' नेमका कोण? कुटुंबसंस्था शिकलेल्या माणसाला असा प्रश्न आपोआप पडतो. इथला वेग मात्र वेगळा असतो. सहा महिन्यांच्या अभ्यासाची सवय असलेल्याला दोन आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं, तेही दहा स्लाइडमध्ये.

सार्वजनिक आरोग्यातही आपल्या माणसांची गरज असते. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीत मृतदेह हाताळण्याच्या अंत्यविधींमधून लागण पसरत होती. नुसती बंदी घातली की लोक मृत्यू लपवत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या नोव्हेंबरात मानववंशशास्त्रज्ञांची आणि धार्मिक संस्थांची मदत घेऊन 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक' दफनाची कार्यपद्धती आणली, त्यात कुटुंबाला आणि प्रार्थनेला जागा ठेवली होती. लसीकरण, कुटुंबनियोजन, मानसिक आरोग्य या सगळ्यांत असं काम असतं.

बाकीच्या वाटा थोडक्यात. अध्यापनासाठी पदव्युत्तर पदवी आणि बहुतेक ठिकाणी पुढची पात्रता लागते. पत्रकारितेत डेटावर आधारित बातम्यांसाठी मागणी आहे, पण आधी लिहून दाखवावं लागतं. मनुष्यबळ विभागात तक्रार निवारण, समावेशकता, कर्मचारी सर्वेक्षण या बाजूंना तुमचा उपयोग जास्त आहे. प्रशासकीय सेवांच्या परीक्षा द्यायच्या असतील तर द्या, फक्त किती वर्षं द्यायची ते आधी ठरवा आणि सोबत एखादं छोटं काम चालू ठेवा. आणि समाजकार्य म्हणजे समाजशास्त्र नव्हे. व्यक्ती आणि कुटुंबांना थेट मदत करणाऱ्या समाजकार्यकर्त्याला अनेक देशांत स्वतंत्र पदवी आणि नोंदणी लागते. तिकडे ओढा असेल तर तो अभ्यासक्रम वेगळा करावा लागेल.

तिसरा टप्पा: जे येत नाही ते भरून काढा

आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत सिद्धांत पक्का आणि आकडे कच्चे, असं चित्र वारंवार दिसतं. भीती सोडा. एसपीएसएस हे आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर १९६८ साली खास सामाजिक शास्त्रांसाठीच बनवलं गेलं, 'स्टॅटिस्टिकल पॅकेज फॉर द सोशल सायन्सेस' या त्याच्या नावातच ते आहे. ते महाग वाटलं तर पीएसपीपी आणि जामोव्ही ही तशीच सॉफ्टवेअर मोफत आहेत, आर ही मोफत संगणकभाषा तर आहेच. पण सॉफ्टवेअरच्याही आधी स्प्रेडशीट नीट शिका. गाळणी लावणं, पिव्होट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता) करणं, रिकामे रकाने शोधणं, एकच गाव तीन स्पेलिंगने लिहिलेलं असेल तर ते एक करणं. डेटा साफ करणं हे कंटाळवाणं काम आहे आणि पहिल्या वर्षातला निम्मा वेळ त्यातच जातो.

नमुन्याचं साधं गणित डोक्यात पक्कं हवं. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सुमारे ४०० लोकांवर टक्केवारीत साधारण पाच गुणांची चूक इकडेतिकडे संभवते, १००० वर तीन गुणांची. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. 'अजून थोडे लोक वाढवू' म्हणणाऱ्या वरिष्ठांना हे समजावून सांगता आलं तर तुमचा शब्द मोजला जाईल.

मोबाइलवर सर्वेक्षण घेण्यासाठी कोबो टूलबॉक्स शिका, एका शनिवार-रविवारात जमतं. मुलाखतींच्या मजकुराचं कोडिंग करण्यासाठी, म्हणजे त्यातल्या तुकड्यांना विषयवार खुणा लावण्यासाठी, टॅगेट मोफत आहे. नकाशांसाठी क्यूजीआयएस. सगळं एकदम नको. निवडलेल्या वाटेला लागणारी दोन अवजारं पुरे.

सरावासाठी खरा डेटा लागतो, आणि तो आहे. देशोदेशीच्या लोकांची मूल्यं आणि मतं विचारणारा वर्ल्ड व्हॅल्यूज सर्वे १९८१ पासून चालू आहे. मुलं आणि स्त्रियांच्या स्थितीबद्दलची युनिसेफची एमआयसीएस सर्वेक्षणं शंभराहून जास्त देशांत झाली आहेत. दोन्हींचा डेटा नोंदणी करून मोफत उतरवता येतो. एक प्रश्न निवडा, एक तक्ता तयार करा आणि त्याखाली आठ ओळी लिहा. असं दहा वेळा केलंत की हात बसतो.

चौथा टप्पा: एक छोटा पण पूर्ण अभ्यास करा

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण हा टप्पा सोडू नका. गुणपत्रिका तुम्ही काय वाचलं ते सांगते. तुम्ही काय करू शकता, हे अभ्यास दाखवतो.

काही वर्षांपूर्वी एका मुलीची मुलाखत घेतली होती. गुण मध्यम, इंग्रजी अडखळत. तिने पिशवीतून पिन मारलेली अकरा पानं काढली. तिच्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी मुली कमी का दिसतात, एवढाच विषय. तीन आठवडे रोज ठरावीक चार वेळांना तिने खुर्च्या मोजल्या होत्या, कोण बसलंय ते खुणांनी नोंदवलं होतं आणि बावीस जणींशी बोलली होती. तिला आधी वाटलं होतं, घरून परवानगी नसेल. निघालं असं की परवानगी होती, पण सोयीची शेवटची बस सात वाजता सुटायची. तिने वाचनालय सकाळी दोन तास आधी उघडण्याची सूचना लिहिली होती आणि ग्रंथपालांनी महिनाभर ती करून पाहिली होती. 'माझा अंदाज कुठे चुकला' यावर तिने अख्खं एक पान खर्ची घातलं होतं. आम्ही तिला त्याच आठवड्यात घेतलं.

असा अभ्यास कसा करायचा? विषय चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा घ्या. 'तरुणांवर समाजमाध्यमांचा परिणाम' असले विषय टाळा, ते कोणालाच पेलत नाहीत. दवाखान्याची नोंदणीची रांग, वसतिगृहाचं स्वयंपाकघर, कारखान्याच्या पाळी बदलण्याची वेळ, असं काहीतरी, जिथे तुम्हाला रोज जाता येईल. पहिला आठवडा नुसतं पाहा आणि नोंदी करा. नोंद त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी निम्मी विसरलेली असते. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न ठरवा आणि चार-पाच जणांवर तपासा. 'इथली सेवा वेळेवर आणि चांगली मिळते का?' असा दुहेरी प्रश्न सापडला तर तो तोडा, कारण वेळेवर पण वाईट सेवा मिळालेल्या माणसाने काय उत्तर द्यायचं? मग पंधरा-वीस मुलाखती घ्या. तासाभराचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात, तो हिशोब आधी धरा. सॉफ्टवेअरने उतरवलंत तरी एकदा कान देऊन तपासा, बोलीभाषेत ते हमखास घसरतं.

प्रत्येकाला, मी कोण, कशासाठी विचारते, नाव येणार नाही, मध्येच थांबता येईल, हे चार वाक्यांत सांगा आणि संमती घ्या. लहान मुलांना पालकांच्या संमतीशिवाय प्रश्न विचारू नका. विद्यार्थी असाल तर विभागाची नैतिक मान्यता लागते का, तेही पाहा.

शेवटी दोन गोष्टी लिहा: दहा-बारा पानांचा अहवाल आणि निर्णय घेणाऱ्यासाठी एक पान. ते एक पान लिहायला मला आजही अहवालापेक्षा जास्त वेळ लागतो.

पाचवा टप्पा: सीव्ही आणि अर्ज

'सर्वेक्षणाचा अनुभव, उत्तम संवादकौशल्य' या ओळीवरून मला काहीच कळत नाही. याउलट ही ओळ पाहा: 'सहा जणांच्या गटात ४० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, १२० घरांत मुलाखती घेतल्या, १७ फॉर्म अपूर्ण म्हणून बाजूला काढले आणि कारण नोंदवलं.' यात गट आहे, आकार आहे, आणि चूक लपवली नाही हे दिसतं. सीव्ही एक-दोन पानांचा ठेवा, अहवालाची लिंक वर द्या. कोणत्या भाषा बोलता, कोणत्या नुसत्या वाचता, ते वेगवेगळं लिहा. फील्डच्या कामात बोलीभाषा येणं ही मोठी जमेची बाजू आहे आणि नवीन मुलं नेमकी तीच लिहायची विसरतात.

जाहिरातीची वाट पाहत बसू नका. ज्या संस्थांचं काम आवडतं त्यांचे तीन अहवाल वाचा, लेखकांपैकी एकाला छोटा ईमेल लिहा. 'नोकरी आहे का' असं न विचारता त्यांच्या अहवालातल्या एका तक्त्याबद्दल प्रश्न विचारा. दहातल्या दोघांचं उत्तर आलं तरी पुष्कळ झालं.

संयुक्त राष्ट्रांचं आकर्षण अनेकांना असतं. सचिवालयाच्या इंटर्नशिपसाठी पदवीच्या शेवटच्या वर्षात किंवा पदव्युत्तर शिक्षणात असावं लागतं, किंवा पदवी मिळून एक वर्षाच्या आत सुरुवात करावी लागते. ती बिनपगारी असते आणि राहण्याचा खर्च आपला. घरची ओढाताण करून तिकडे जाण्यापेक्षा यूएन व्हॉलंटियर्स या संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाकडे पाहा, तिथे निर्वाहभत्ता मिळतो.

सहावा टप्पा: लगेच पुढे शिकायचं का?

माझं मत स्पष्ट आहे. परिस्थिती साथ देत असेल तर आधी एक-दोन वर्षं काम करा, मग शिका. काम केलेला विद्यार्थी वर्गात वेगळे प्रश्न विचारतो, आणि कुठल्या विषयात पुढे जायचं हे त्याला ठाऊक असतं. अध्यापन किंवा संशोधनच करायचं असं पक्कं असेल तर मात्र थांबू नका. समाजशास्त्रातच पुढे जायला हवं असंही नाही. सार्वजनिक आरोग्य, लोकसंख्याशास्त्र, नगरनियोजन, सार्वजनिक धोरण, सांख्यिकी या शाखांत समाजशास्त्राचा पाया असलेल्या माणसाला स्वतःची जागा मिळते. कर्ज काढून शिकण्याआधी त्या अभ्यासक्रमाच्या तीन माजी विद्यार्थ्यांशी बोला. आता काय करता, पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली, हे सरळ विचारा.

सातवा टप्पा: मुलाखतीची तयारी

'समाजशास्त्राचा आम्हाला काय उपयोग?' हा प्रश्न येणारच. उत्तरात व्याख्या देऊ नका, तुमच्या अभ्यासातला एक प्रसंग सांगा: काय वाटलं होतं, काय दिसलं, त्यामुळे काय बदललं. दोन मिनिटांत. मोठ्याने बोलून सराव करा, मनात म्हणून पाहिलेलं ऐनवेळी लांबतं. एखादी कच्ची आकडेवारी समोर ठेवून 'यातून काय दिसतं' असंही विचारतात. निष्कर्षावर उडी मारण्याआधी ही माहिती कोणी, कधी, कोणाकडून गोळा केली ते विचारा.

पगार, प्रवासभत्ता, फील्डवर राहण्याची सोय, रात्रीच्या प्रवासाचे नियम, विमा यांबद्दल विचारायला संकोचू नका. फील्डच्या नोकरीत हे प्रश्न सुरक्षिततेचे असतात.

अहवालाची छापील प्रत सोबत न्या. आदल्या रात्री ती शेवटची एकदा चाळा आणि माहिती देणाऱ्यांची नावं, फोन नंबर, घरांचे फोटो कुठे राहिले आहेत का ते पाहा. परिशिष्टात हमखास राहतात. मी प्रत हातात घेतली की सगळ्यांत आधी शेवटची पानंच उलटते.